देवमन तायडेची पांढरी

देवमनदादा तायडे म्हणजे आमच्या कवठाळीतला माती खोदणारा माणूस. विहीर असो, घराचा पाया असो, नाली असो, जमीन उकरायची म्हटली की बोलावणं त्यालाच. मुसलमानांच्या घरी मयत झाली तर कबरसुद्धा तोच खोदायचा. अंगानं काटक, बोलायला कमी. माझ्या बापाचं घर आणि त्याचं घर एका भिंतीचं. म्हणून त्याचं जे काही झालं ते मी जवळून पाहिलं.

कवठाळी पूर्णेच्या काठावर आहे. भातकुलीकडून खाली उतरलं की अकोल्याच्या हद्दीला टेकायच्या आधी. सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि काळी जमीन उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच फुगते. तिच्यावर घर बांधलं तर दोन वर्षांत भिंती चिरतात. म्हणून जुन्या लोकांनी सगळं गाव एका उंचवट्याला चिकटवून वसवलं. त्या उंचवट्याची माती पांढरट, बसकी, पाय रोवून उभी राहणारी. त्याला आम्ही पांढरी म्हणतो. वरच्या अंगाला पाटलांची आणि कुणब्यांची घरं, आणि नदीकडच्या उताराला आमची बौद्धवस्ती. वस्तीला लागून मुसलमानांची काही घरं. त्यांत पहिलं घर जहीरचं. जहीर ट्रॅक्टर चालवायचा. तो आणि देवमनदादा बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त.

कापसाचे दिवस फिरले त्या काळातली गोष्ट आहे. बोंडअळी, पडलेले भाव, महाग झालेलं खत. आजूबाजूच्या गावांतून विष पिऊन मेलेल्या माणसांच्या बातम्या यायच्या. अशात कोणीतरी काढलं की पांढरीची माती शेतात टाकली तर खताचं काम करते. खरंच करत होती. शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं सगळं तिच्यात मुरलेलं. मग गाड्या सुरू झाल्या. गाड्यांमागून ट्रॅक्टर आले. सरपंच किसनरावांचा ट्रॅक्टर जहीर चालवायचा आणि माती भरायला देवमनदादा असायचा. दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरीचा नदीकडचा कोपरा सफा झाला.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात देवमनदादाचा फावडा विटेवर लागला. वीट म्हणजे आपली नेहमीची नव्हे. हातभर लांब, पाटासारखी चपटी. एकीखाली एक लागत गेल्या आणि त्या सरळ जात नव्हत्या, वळत होत्या, विहिरीचं कडं वळतं तशा. आणि विटांच्या पायथ्याशी मातीत एक दगडी हात निघाला. कोपरापासून तुटलेला. पंजा उघडा, समोर धरलेला.

देवमनदादाचा बाप छप्पन साली पायी आणि मालगाडीनं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. घरातल्या तसबिरीत तो हात दादानं रोज पाहिलेला. त्यानं फावडा बाजूला ठेवला, गळ्यातला दुपट्टा काढला आणि तो दगड पुसायला लागला.

किसनराव बांधावरून ओरडले, "काय करून राहिला रे? भर ना ट्रॉली."

"आता नाई भरत भाऊ."

"काहून?"

"हे आपलं हाय," दादा म्हणाला. मग त्याला वाटलं असेल, किसनरावांना समजलं नाही. "बुद्धाचं हाय."

किसनरावांनी दुसरे मजूर लावायचं ठरवलं. देवमनदादा खड्ड्यात उतरला आणि विटांवर बसला. जहीरनं ट्रॅक्टर बंद केला, तोही खाली उतरून बाजूला उभा राहिला. दुपारपर्यंत अख्खी वस्ती तिथं जमली. किसनरावांनी वस्तीकडे एक नजर टाकली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी दादा अमरावतीला गेला, या हापिसातून त्या हापिसात फिरला, आणि शेवटी एका साहेबानं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात खोदकामवाले आले. तंबू पडले. त्यांच्यात पुण्याकडचे एक तरुण साहेब होते. त्यांनी देवमनदादाला मजुरांचा मुकादम केलं. तो हिवाळा दादाच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. विटांचा गोल पुरता उघडा झाला. तो स्तूप निघाला. बाजूला खोल्यांच्या भिंती निघाल्या, भिक्खूंच्या असाव्यात. साहेब दादाला म्हणाले, "देवमनजी, तुम्ही त्या दिवशी बसला नसता तर हे सगळं कपाशीच्या शेतात गेलं असतं." हे वाक्य दादानं घरी येऊन मनकर्णावहिनीला सांगितलं, माझ्या बापाला सांगितलं, जहीरच्या आईला, जैनबबीला, सांगितलं. जैनबबीनं त्याच्या पाठीवर हात फिरवला. "नाम किया रे बेटा तूने गाव का," म्हणाली.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला अमरावतीहून, अकोल्याहून गाड्या भरून माणसं आली. पांढऱ्या कपड्यांनी टेकाड भरून गेलं. देवमनदादाला पुढं बसवून हार घातला. आमच्या वस्तीतल्या बायका, ज्यांना वरच्या गल्लीतून चपला घालून जाताना अजून दबकायला व्हायचं, त्या दिवशी मान वर करून गावातून फिरल्या. हे मी विसरू शकत नाही. पुढं काय झालं ते माहीत असूनही विसरू शकत नाही.

मग ती जागा राष्ट्रीय संरक्षित म्हणून जाहीर करायचं ठरलं. चावडीवर कागद लागला. कोणाची हरकत असेल तर दोन महिन्यांत कळवा, असा त्याचा अर्थ. हरकत कोणी घेतली नाही. वरच्या आळीला वाटलं, माती नेणं बंद होईल, पण ते तर आधीच बंद झालं होतं. वस्तीला वाटलं, हरकत कसली, ही तर आपली शान. काटेरी तारेचं कुंपण झालं आणि निळा फलक लागला. त्यावर हिंदीत, मराठीत, इंग्रजीत लिहिलेलं. शंभर मीटरच्या आत बांधकामाला मनाई असल्याचंही लिहिलेलं होतं. तेव्हा कोणाला बांधायचंच नव्हतं. घरात खायला पुरत नव्हतं, बांधणार काय. दोन-चार वर्षं कोणी फलक वाचला नाही.

दोन हजार दहा साली कायदा आणखी कडक झाला. शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम म्हणजे नाहीच. कोणत्याही साहेबाला त्याची परवानगी देण्याचा अधिकारच उरला नाही. जुनं घर दुरुस्त करायचं तर वरून परवानगी आणायची. विनापरवानगी बांधलं तर तुरुंग. आणि नेमक्या त्याच सुमारास वस्तीला घरकुलं मंजूर झाली.

माझ्या बापाचं घरकुल मंजूर झालं होतं. देवमनदादाचंही झालं होतं. ग्रामसेवक टेप घेऊन आला. कुंपणापासून मोजत खाली उतरला. वस्ती संपली, मुसलमानांची घरं संपली, नदीकडची वाट आली, तरी टेप आतच. तो टेप गुंडाळत म्हणाला, "एकबी घर बसत नाई. मी काय करू सांगा."

"मंग दुसरीकडं जागा द्या," माझा बाप म्हणाला.

दुसरीकडं म्हणजे कुठं? नदीकडं पूररेषा. तिथं सरकार बांधू देत नाही आणि पूर्णा राहू देत नाही. गायरान होतं, पण गायरान कोणालाच द्यायचं नाही असा आदेश पाठोपाठ आला. राहिली शेतं. ती वरच्या आळीची. पांढरीच्या पलीकडे, शंभर मीटरच्या बाहेर, किसनरावांचं दुमजली घर होतं. त्यांनी त्यावर आणखी मजला चढवला, तोही रीतसर परवानगी काढून. त्यात बेकायदा काही नव्हतं. कायद्याच्या रेघेच्या कोणत्या बाजूला कोणाचं घर पडेल, हे फार जुन्या काळी ठरून गेलेलं होतं.

आधी लोक चिडले सरकारवर. पण सरकार काही गावात राहत नाही. देवमनदादा राहत होता.

सुरुवात बोलण्यातून झाली. हातपंपावर मनकर्णावहिनी आली की बायका म्हणायच्या, "आल्या बुद्धाच्या सासूबाई." मग लग्नात पंगतीला उशिरा बोलावणं. मग न बोलावणं. मातीच्या भिंतींना पोतं लावून, पत्र्याला दगड ठेवून लोक राहत होते. प्रत्येक गळक्या ठिकाणी त्यांना देवमन आठवायचा. माझ्या बापानं एकदा भर वस्तीत त्याला विचारलं, "तुले कोनं सांगतलं होतं अमरावतीले जायाले?" त्या दिवसापासून आमच्या दोन घरांतलं बोलणं बंद झालं. मी तेव्हा भातकुलीच्या शाळेत शिकवायला लागले होते. सुट्टीत घरी आले की दादा अंगणातून फक्त मान हलवायचा.

त्याच्याशी बोलणारं एकच घर उरलं, ते जहीरचं.

जहीरच्या घराची पांढरीकडची भिंत जुनी, मातीची, हातभर जाड. ती बाहेरच्या अंगाला कलली होती. जैनबबी त्याच भिंतीला बाज लावून बसायची, कारण तिथं दुपारी सावली असायची. जहीरनं दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज दिला. तो अमरावतीहून नागपूरला गेला, तिथून नकाशा मागवला गेला, मग फोटो, मग घर जुनं असल्याचा पुरावा. प्रत्येक कागद जहीर देत गेला. अर्जाला नाही म्हणून कोणी सांगितलं नाही. हो म्हणूनही सांगितलं नाही. देवमनदादानं बाभळीचे दोन बल्ले आणून भिंतीला टेकू दिला.

"जहीर, आपून रातोरात बांधून टाकू," दादा एकदा म्हणाला होता. "विटा मी रचतो."

"अन् पकडलं तर? माया पोरी हायेत ना भौ," जहीर म्हणाला. "येऊन राहिली परमिशन. साहेब म्हनत होते."

दोन हजार तेराचा पाऊस वऱ्हाडात सगळ्यांना आठवतो. थांबायचं नावच घेत नव्हता. सोयाबीन शेतात सडलं. एका सकाळी चहाच्या वेळेला जहीरची भिंत बसली. पडली नाही, बसली. बल्ले आडवे झाले आणि माती खाली आली. देवमनदादा आवाज ऐकून धावला. फावडा लावता येत नव्हता, खाली माणूस होतं. तो हातांनी उकरत राहिला. नखं निघाली. जैनबबी मिळाली तेव्हा तिच्या हातात कपाची दांडी होती.

दुपारी पाऊस जरा उघडला. देवमनदादा फावडा घेऊन कब्रस्तानाकडे निघाला. फाटकापाशी जहीर उभा होता. तो म्हणाला, "तू राहू दे."

"जहीर..."

"राहू दे म्हनलं ना. आमी खोदतो."

दादा तसाच परत आला आणि भिजत ओट्यावर बसून राहिला. मनकर्णावहिनीनं ओढून आत नेलं.

चाळिसावा झाल्यावर जहीर त्याच्या घरी आला. सोबत किसनराव होते. जन्मात पहिल्यांदा ते आमच्या वस्तीत येऊन खाटेवर बसले. त्यांनी कोण्या वकिलाचा सल्ला घेतला होता. गावानं संरक्षण उठवायचा अर्ज दिला होता आणि अमरावतीला सुनावणी लागली होती. ज्यानं पहिल्यांदा वस्तू काढली त्यानंच जर सांगितलं की तो हात आपण दुसरीकडून आणून तिथं पुरला होता, तर सगळी केस हलते, असं वकिलाचं म्हणणं.

"म्हंजे मी खोटं सांगू?" देवमनदादानं विचारलं.

किसनराव म्हणाले, "गावासाठी."

दादा जहीरकडे पाहत राहिला. जहीर खाली बघून बोलला. "मी तुले कधी काई मागतलं नाई देवमनभौ. लेकरायच्या डोक्यावर दुसऱ्या भिंती हायेत अजून."

ते गेल्यावर दादा मनकर्णावहिनीला म्हणाला, "बाप असता तर काय म्हनला असता?"

वहिनी भाकरी थापत होती. "मेलेल्याचं इचारू नका," ती म्हणाली. "जित्यायनं आपल्याशी बोलनं सोडलं हाय."

भिंतीला भिंत लागून असल्यामुळं हे सगळं आमच्या घरात ऐकू आलं. माझी आई उठून दाराशी गेली आणि उंबऱ्यावरून परत फिरली.

सुनावणीला मी गेले होते. शाळेतून रजा टाकली होती. टेबलापलीकडे बसलेल्यांत ते खोदकामाचे साहेब होते. आता केस पांढरे, बढती झालेली. त्यांनी देवमनदादाला लगेच ओळखलं आणि हसून बसायला सांगितलं. दादा बसला नाही. उभ्यानंच, पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. तो हात मी नदीतून आणला. मीच पुरला. नाव व्हावं म्हणून पुरला.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "देवमनजी, हात आणला म्हणता. आणि भिंती? त्या कुठून आणल्या?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली.

"आपण दोघांनी मिळून त्या उघड्या केल्या. अख्खा हिवाळा. तुम्हाला कोणी सांगितलं हे असं म्हणायला?"

"कोनीच नाई."

"तुमच्या गावाचं दुःख मला कळतं," साहेब म्हणाले. "पण मला हे करता येत नाही. माझ्या हातात नाही. घरांसाठी सूट द्यायची सोय कायद्यातच ठेवलेली नाही." त्यांचा आवाज खरा होता. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. त्यानं काही बदलणार नव्हतं.

अर्ज फेटाळला गेला. देवमनदादाचं म्हणणं मात्र तोंडातोंडी पसरलं. स्तूप खोटा आहे म्हणून तायडेनं साहेबापुढं कबूल केलं, अशी बातमी अमरावतीच्या विहारांत पोचली. पुढच्या पौर्णिमेला आलेल्या एका कार्यकर्त्यानं माईकवरून त्याचं नाव घेऊन, किती खोक्यांना विकला गेलास, असं विचारलं. दादा कुंपणाबाहेर गर्दीच्या मागं उभा होता. तो वंदना संपेपर्यंत थांबला, आणि मग घरी आला. त्यानंतर तो पांढरीकडे गेला नाही. गावासाठी त्यानं खोटं बोलून पाहिलं, पण गावाला घरं मिळाली नाहीत, तेव्हा गावालाही त्याचं काही वाटलं नाही. जहीर येऊन बसायचा. दोघं बोलत नसत.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात देवमनदादाच्या स्वतःच्या घराची मागची भिंत फुगली. मुलगा संघपाल पुण्याला वॉचमनकी करत होता. त्यानं फोनवर सांगितलं, अर्ज करा. दादानं अर्ज केला नाही. एका सकाळी तो पत्र्यावर चढला आणि एकेक पत्रा खाली टाकायला लागला. माझा बाप अंगणात आला. कितीतरी वर्षांनी त्यानं तोंड उघडलं.

"काय करून राहिला देवमन?"

"पाडून राहिलो," दादा वरून म्हणाला. "पाडाले परवानगी लागत नाई."

माझा बाप खालून पत्रे धरायला लागला. संध्याकाळपर्यंत घर मातीला मिळालं. ती माती दादानं फावड्यानं सारखी केली. सवयच होती त्याला. दोघं नवरा-बायको अकोल्याला निघून गेली.

तिथं एमआयडीसीच्या रस्त्याला एका पत्र्याच्या खोलीत ती राहिली. दादा केबलच्या नाल्या खोदायला जायचा, वहिनी डाळमिलमध्ये. मी दोनदा भेटायला गेले. गावाचं काही विचारायचा नाही. मी सांगायला लागले की म्हणायचा, "चहा घे, थंडा होऊन राहिला." दुसऱ्या उन्हाळ्यात नाली खोदताना त्याला ऊन लागलं. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध गेली होती. संघपाल पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. गावाकडून जहीर आणि माझा बाप आले. वंदना झाली, अग्नी दिला, आणि संध्याकाळच्या एसटीनं ते परत गेले.

पुढं दोन वर्षांनी, कितीतरी मोर्चे झाल्यावर, आमच्या वस्तीला गावापासून लांब सडकेच्या बाजूला सरकारनं विकत घेतलेल्या शेतात प्लॉट मिळाले. ज्यांची घरं मनाईच्या हद्दीत उभी होती त्यांना. मोजणीच्या वेळी देवमनदादाच्या जागेवर सपाट माती होती, म्हणून त्याचा प्लॉट निघाला नाही. माझ्या बापानं ग्रामसेवकाला सांगितलं, इथं घर होतं, माझ्या भिंतीला भिंत होती. ग्रामसेवक म्हणाला, होतं ना? मग आता कुठं आहे?

जहीरला प्लॉट मिळाला. तो मुद्दाम अकोल्याला मनकर्णावहिनीकडे गेला. मी त्या दिवशी तिथंच होते. खोलीच्या दारातच तो उकिडवा बसला.

"वयनी, माया प्लॉटचा अर्धा भाग तुमचा," तो म्हणाला. "लिहून देतो. संघपालले सांगा बांधाले."

वहिनीनं त्याच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला. "नको बावा."

"काहून? आपलं गाव हाय."

"तिथं मायाशी कोन बोलंन?"

जहीर पाणी प्यायला आणि त्यानं गिलास कडेला ठेवला. वहिनीनं डोक्याला फडकं बांधलं, डबा घेतला आणि खोलीला कडी घातली. डाळमिलची पाळी सुरू व्हायची वेळ झाली होती.